२९ फेब्रुवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा भाचा २९ फेब्रुवारी २००० चा. तो जन्मला त्या दिवसापासून घरात, ओळखीपाळखीत या तारखेबद्दल मला काही ना काही विचारलं जातं. सुरुवातीला उत्तरं येत नव्हती. मग वाचत गेलो, आकडेमोड करत गेलो आणि कॅलेंडरातला हा एक चौकोन मला फार जिव्हाळ्याचा झाला. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

२९ फेब्रुवारी हा वर्षातला कितवा दिवस?

साठावा. त्याच्यानंतर वर्षाचे ३०६ दिवस उरतात. साध्या वर्षात साठावा दिवस १ मार्चचा असतो. लीप वर्षात तो मान २९ फेब्रुवारीला मिळतो आणि मार्चपासून पुढच्या प्रत्येक तारखेचा क्रमांक एकाने वाढतो.

हा जादा दिवस मुळात लागतोच कशाला?

आधी एक सांगतो. ‘जादा’ हा शब्द मला पटत नाही. हा दिवस कोणी वरून घातलेला नाही, तो चार वर्षं थोडा थोडा साठलेला असतो.

पृथ्वीवर ऋतूंचं एक पूर्ण चक्र व्हायला, म्हणजे एका वसंत संपातापासून (मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा क्षण) पुढच्या वसंत संपातापर्यंत, ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. याला सांपातिक वर्ष म्हणतात. पण कॅलेंडरला पूर्ण दिवसच मोजता येतात. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर पावणेसहा तास थांबून मग नवं वर्ष सुरू करावं, असं चालणार नाही. तसं केलं तर पुढच्या वर्षी सूर्य रात्री बाराच्या सुमारास उगवायचा. म्हणून आपण दर वर्षी ते पावणेसहा तास बाजूला ठेवतो, आणि चार वर्षांनी त्यांचा जवळजवळ एक दिवस भरला की तो २९ फेब्रुवारी म्हणून मांडतो.

हे प्रत्यक्ष बघता येतं. २०२२ मध्ये वसंत संपात २० मार्चला, जागतिक वेळेनुसार दुपारी ३:३३ वाजता झाला. २०२३ मध्ये त्याच तारखेला रात्री ९:२४ वाजता. हीच सरक चालू राहिली असती तर २०२४ मध्ये तो २१ मार्चच्या पहाटे गेला असता. पण मध्ये २९ फेब्रुवारी आला आणि संपात २० मार्चलाच पहाटे ३:०६ वाजता झाला. दर वर्षी सुमारे सहा तास पुढे जायचं आणि चौथ्या वर्षी सुमारे अठरा तास मागे यायचं, अशी ही चाल आहे.

हा दिवस कधीच घेतला नाही तर? शंभर वर्षांत कॅलेंडर ऋतूंपासून २४ दिवस सरकेल. साडेसातशे वर्षांत अर्धं वर्ष उलटं होईल आणि वसंत संपात सप्टेंबरात येईल.

लीप वर्ष ओळखायचं कसं?

सनाला ४ ने पूर्ण भाग गेला तर लीप वर्ष. पण सन शतकी असेल, म्हणजे शेवटी दोन शून्यं असतील, तर ४०० ने भाग जायला हवा. म्हणून १७००, १८००, १९०० ही लीप वर्षं नव्हती, २००० होतं आणि २१०० नसेल. ४०० वर्षांत अशी ९७ लीप वर्षं येतात.

नियमाचा दुसरा भाग लोक विसरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आज हयात असलेल्या कोणीही शतकी वर्षात गाळलेला २९ फेब्रुवारी अनुभवलेला नाही. शेवटचा गाळला तो १९०० चा, आणि आपल्या पिढ्यांच्या वाट्याला आलेलं एकमेव शतकी वर्ष, २०००, अपवादाचाही अपवाद निघालं.

‘लीप’ म्हणजे उडी. इथे उडी कोण मारतं?

वार मारतो. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस, म्हणून कोणतीही तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे जाते. १ मार्च २०२२ ला मंगळवार होता, १ मार्च २०२३ ला बुधवार. पण १ मार्च २०२४ ला गुरुवार न येता शुक्रवार आला. मधला गुरुवार २९ फेब्रुवारीने घेतला होता.

दिवस वाढवायचा तर डिसेंबरच्या शेवटी का नाही? फेब्रुवारीतच का?

कारण रोमन लोकांच्या जुन्या गणनेत वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं आणि फेब्रुवारी हा शेवटचा महिना होता. त्याची खूण आजही महिन्यांच्या नावांत आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत लॅटिनमधले सात, आठ, नऊ, दहा दडलेले आहेत. मार्चपासून मोजलं तरच ते जुळतात. उरलंसुरलं वर्षाच्या शेवटी घालायचं, म्हणून ते फेब्रुवारीत आलं.

रोमचं जुनं कॅलेंडर ३५५ दिवसांचं होतं. ऋतूंशी मेळ राखायला पुरोहितवर्ग अधूनमधून एक पूर्ण महिना घालायचा, तोही फेब्रुवारी मध्येच तोडून. पण हा निर्णय राजकारणात सापडला आणि युद्धांच्या धामधुमीत तर महिने घालायचे राहूनच गेले. ज्युलियस सीझरच्या काळापर्यंत कॅलेंडर ऋतूंपासून महिनोन्‌महिने दूर गेलं होतं. ते जागेवर आणायला इसवी सन पूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. त्यानंतर इसवी सन पूर्व ४५ पासून ३६५ दिवसांचं वर्ष आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस अधिक, ही पद्धत सुरू झाली. या कामात सीझरचा सल्लागार होता सोसिजेनीस, अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. सीझरने वाढवलेला दिवस २९ फेब्रुवारी नव्हताच! रोमन लोक महिन्याच्या उत्तरार्धात तारखा उलट्या मोजायचे, म्हणजे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला किती दिवस उरले ते सांगायचे, आणि मोजताना दोन्ही टोकं धरायचे. त्या हिशेबाने २४ फेब्रुवारी हा १ मार्चच्या आधीचा ‘सहावा’ दिवस. लीप वर्षात हा सहावा दिवस दोनदा पाळायचा असं ठरलं. फ्रेंचमध्ये लीप वर्षाला आजही जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ ‘दोनदा सहावा’ असाच आहे. पुढे युरोपात तारखा सरळ क्रमाने लिहायची सवय रुळली आणि २९ हा आकडा महिन्याच्या शेवटी दिसू लागला. तरी जुनी खूण सहजासहजी पुसली गेली नाही. कॅथलिक पंथात संत मॅथियासचा दिवस एरवी २४ फेब्रुवारीला असायचा आणि लीप वर्षात २५ ला. ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली.

ऑगस्टस सम्राटाने फेब्रुवारीचा दिवस चोरून ऑगस्टला दिला, हे खरं ना?

नाही. गोष्ट छान आहे, शाळेत मीही ती खरी मानली होती, पण तिला आधार नाही. फेब्रुवारी सीझरच्या सुधारणेआधीपासून २८ दिवसांचाच होता. ऑगस्ट, ज्याचं तेव्हाचं नाव सेक्स्टिलिस, सीझरच्या सुधारणेतच ३१ दिवसांचा झाला होता. ही कथा तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्को या विद्वानाच्या नावावर सांगितली जाते.

ऑगस्टसचा या दिवसाशी खरा संबंध वेगळा आहे आणि तो जास्त रंजक आहे. सीझरची हत्या सुधारणेच्या दुसऱ्याच वर्षी झाली. ‘दर चौथ्या वर्षी’ हे शब्द पुरोहितांनी आपल्या मोजण्याच्या सवयीप्रमाणे, दोन्ही टोकं धरून, वाचले आणि दर तीन वर्षांनी दिवस घालू लागले. चूक लक्षात येईपर्यंत तीन दिवस जास्तीचे झाले होते. ऑगस्टसने काही लीप वर्षं गाळायला लावून हिशेब सरळ केला, आणि इसवी सन ८ पासून चौथ्या वर्षाचा क्रम नीट चालू लागला.

मग १५८२ मध्ये पुन्हा बदल का करावा लागला?

सीझरचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटं १४ सेकंदांनी लहान. अकरा मिनिटांनी काय होतं, असं वाटेल. पण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. इसवी सन ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेच्या काळी वसंत संपात २१ मार्चच्या सुमारास होता, सोळाव्या शतकात तो ११ मार्चपर्यंत मागे आला. ईस्टरची तारीख या संपातावरून काढली जाते, म्हणून चर्चला ही गोष्ट टोचत होती.

इटलीतल्या अलोइशियस लिलियस नावाच्या वैद्याने तोडगा सुचवला आणि क्रिस्टोफर क्लेवियस या गणितज्ञाने तो पुढे नेला. ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ च लीप दिवस घ्यायचे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी तसा आदेश काढला तो २४ फेब्रुवारी १५८२ रोजी. योगायोग असा की सीझरने दुप्पट केलेली तारीखही तीच. साठलेली चूक काढायला गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. वार तुटू दिला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

सगळ्यांनी हे एकदम मानलं नाही. ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला, रशियाने १९१८ मध्ये, ग्रीसने १९२३ मध्ये. त्यामुळे १७०० साली काही देशांत २९ फेब्रुवारी होता आणि काही देशांत नव्हता. जुन्या कागदपत्रांतली तारीख वाचताना ती कोणत्या देशातली आहे हे आधी बघावं लागतं, ते यामुळेच.

कधी ३० फेब्रुवारी झाला आहे का?

झाला आहे, एकदाच, स्वीडनमध्ये, १७१२ साली.

स्वीडनने ठरवलं होतं की अकरा दिवस एकदम उडवायचे नाहीत. १७०० पासून चाळीस वर्षं लीप दिवस गाळत गाळत हळूच नव्या कॅलेंडरला गाठायचं. १७०० चा दिवस गाळला. पण देश मोठ्या युद्धात गुंतला आणि १७०४ व १७०८ मध्ये लीप दिवस नेहमीसारखे पाळले गेले. आता स्वीडनचं कॅलेंडर ना जुन्याशी जुळत होतं ना नव्याशी. शेवटी राजा बारावा चार्ल्स याने जुन्याकडे परतायचं ठरवलं. गाळलेला एक दिवस भरून काढायला १७१२ च्या लीप वर्षात २९ च्या पुढे आणखी एक दिवस जोडला. नव्या कॅलेंडरकडे स्वीडन गेला तो १७५३ मध्ये, आणि तेव्हा १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च आला.

या दिवशी जन्मलेल्यांनी वाढदिवस कधी करायचा? कायदा काय म्हणतो?

घरच्या घरी करायचा असेल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत. २८ तारीखवाले म्हणतात, जन्म फेब्रुवारीतला, महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. १ मार्चवाले म्हणतात, २८ च्या पुढचा दिवस हाच खरा. कायदेही असेच विभागलेले आहेत. तैवानमध्ये साध्या वर्षी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस धरतात, तर हाँगकाँगच्या कायद्यात १ मार्च असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अठरा पूर्ण होण्याचा प्रश्न या एका दिवसावर अडू शकतो, कारण अठरावं वर्ष कधीही लीप वर्षात पूर्ण होत नाही.

नोंदीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. भाच्याच्या जन्माची नोंद करताना समोरच्या माणसाने भलं चिंतूनच विचारलं होतं, ‘२८ लिहू का? पुढे त्रास नको.’ बहिणीने नको म्हणून सांगितलं, आणि ते योग्यच झालं. दवाखान्याच्या कागदावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, याचा त्रास चार वर्षांनी येणाऱ्या वाढदिवसापेक्षा कितीतरी मोठा असतो. जन्म ज्या दिवशी झाला तीच तारीख लिहावी.

असे लोक किती असतात?

चार वर्षांचे १४६१ दिवस, त्यांतला एक हा. म्हणजे जन्म वर्षभर सारखे विखुरलेले धरले तर साधारण दीड हजारांत एक. आठ अब्जांच्या जगात ढोबळमानाने पन्नास लाखांहून अधिक.

या दिवशी जन्मलेली प्रसिद्ध माणसं कोण?

मोरारजी देसाई, जन्म २९ फेब्रुवारी १८९६. १९०० लीप नसल्यामुळे त्यांच्या जन्मतारखेचा पहिला खरा वाढदिवस थेट १९०४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी आला. ते नव्व्याण्णव वर्षं जगले आणि एवढ्या आयुष्यात ही तारीख २३ वेळा आली. १९६८ मध्ये तर अर्थमंत्री म्हणून त्यांनी अर्थसंकल्प याच दिवशी मांडला.

आणि ती आठ वर्षांची पोकळी ज्या दिवशी संपली, त्या २९ फेब्रुवारी १९०४ ला रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. भरतनाट्यमला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आणि कलाक्षेत्र उभं करणाऱ्या. भारतातली दोन मोठी माणसं एकाच पोकळीच्या दोन काठांवर जन्मली.

इटलीचा संगीतकार रॉसिनी १७९२ चा. त्याच्या वाट्याचा १८०० हुकला. अमेरिकेचा हर्मन हॉलरिथ १८६० चा. त्याच्या छिद्रपत्रिकांच्या यंत्रांनी १८९० च्या अमेरिकी जनगणनेची मोजणी झाली. टास्मानियाचे एकेकाळचे पंतप्रधान जेम्स विल्सन यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८१२ चा आणि मृत्यूही २९ फेब्रुवारीचाच, १८८० चा.

इतिहासात या तारखेला काय काय घडलं?

१५०४ मध्ये जमैकात अडकून पडलेल्या कोलंबसाला तिथले लोक अन्न द्यायचे बंद झाले होते. त्याच्याजवळच्या पंचांगात २९ फेब्रुवारीच्या रात्रीचं चंद्रग्रहण दिलेलं होतं. देव तुमच्यावर कोपला आहे आणि चंद्र काळवंडून टाकील, असं त्याने सांगितलं आणि घाबरलेल्या लोकांनी पुन्हा अन्न पुरवलं. ही गोष्ट चातुर्याची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. ज्यांनी महिनोन्‌महिने पोसलं त्यांच्याच अज्ञानाचा त्याने फायदा घेतला.

१९१२ मध्ये अर्जेंटिनात तांदिल इथला सुमारे ३०० टनांचा, कड्यावर डोलणारा प्रसिद्ध दगड कोसळला. १९४० मध्ये हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या. त्या समारंभात त्यांना इतरांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. १९६० मध्ये मोरोक्कोतलं अगादीर शहर रात्री काही सेकंदांच्या भूकंपात उद्ध्वस्त झालं, किमान बारा हजार माणसं गेली. तिथल्या माणसांना हा स्मृतिदिन तारखेने चार वर्षांतून एकदाच येतो, हे मनात आलं की गलबलतं. १९९६ मध्ये सारायेवोचा जवळजवळ चार वर्षं चाललेला वेढा अधिकृतपणे संपला. म्हणजे आधीच्या २९ फेब्रुवारीला, १९९२ मध्ये, तो सुरूही झाला नव्हता. २०२० मध्ये अमेरिका आणि तालिबान यांच्यात दोह्यात करार झाला.

दुर्मीळ आजारांसाठीचा जागतिक दिवस २००८ मध्ये याच तारखेला सुरू झाला. दुर्मीळ आजारांना दुर्मीळ दिवस, हे मनाला भिडतं. इतर वर्षी तो २८ ला पाळतात. फ्रान्समध्ये एक वर्तमानपत्र तर १९८० पासून फक्त २९ फेब्रुवारीलाच निघतं.

संगणक या दिवशी का अडखळतात?

कारण नियम लिहिणारा माणूस त्यातला एखादा तुकडा विसरतो. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत २९ फेब्रुवारीला प्रमाणपत्रं तयार होताना मुदत ‘एक वर्षानंतर’ म्हणून सनात सरळ एक मिळवला गेला. तारीख निघाली २९ फेब्रुवारी २०१३, जी नाहीच, आणि सेवा कोलमडली. २०२४ मध्ये न्यूझीलंडमधले स्वयंसेवा इंधनपंप याच कारणाने कित्येक तास कार्ड घेईनात. कधी चूक वर्षाअखेरीस उघडी पडते. १९९६ च्या ३१ डिसेंबरला न्यूझीलंडमधल्या ॲल्युमिनियम कारखान्यातले संगणक ३६६ वा दिवस न ओळखल्यामुळे बंद पडले होते.

आणि एक्सेलमध्ये तर कधीही न झालेला २९ फेब्रुवारी १९०० आजही आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक, फायली जुळाव्यात म्हणून जशीच्या तशी उचलली गेली. आता ती दुरुस्त करायला गेलं तर जगभरच्या तक्त्यांमधल्या तारखा एकेक दिवस हलतील.

इतर कालगणनांमध्ये असा दिवस असतो का?

भारताच्या राष्ट्रीय सौर कालगणनेत असतो. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये ती लागू झाली. लीप वर्षात तिचा चैत्र ३० ऐवजी ३१ दिवसांचा होतो आणि २२ ऐवजी २१ मार्चला सुरू होतो. इराणी सौर वर्षात दिवस वर्षाच्या अगदी शेवटी, एस्फंद महिन्यात वाढतो, जुन्या रोमसारखाच. चंद्रावर चालणाऱ्या पंचांगांना एक दिवस पुरत नाही. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घ्यावा लागतो. ज्यू कालगणनेत १९ वर्षांत सात अधिक महिने असतात. हिजरी गणना ऋतूंशी जुळवायचा प्रयत्नच करत नाही.

लीप सेकंद म्हणजे याचंच छोटं रूप का?

नाही. लीप दिवस पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या प्रवासासाठी, लीप सेकंद तिच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातल्या अनियमिततेसाठी. १९७२ ते २०१६ या काळात असे २७ सेकंद घातले गेले आणि २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करायचं ठरलं आहे.

आता तरी कॅलेंडर अचूक आहे का?

जवळजवळ. अजूनही वर्षाला सुमारे २७ सेकंदांचा फरक उरतो. त्याचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. त्याआधी २१०० येईल. तेव्हा २०९६ नंतरचा २९ फेब्रुवारी थेट २१०४ मध्ये असेल आणि २०९६ ला जन्मलेली बाळं मोरारजींसारखीच आठ वर्षं थांबतील.

२९ फेब्रुवारी कोणत्या वारी येतो?

४०० वर्षांचे दिवस १,४६,०९७, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. त्यामुळे वारांचं चक्र ४०० वर्षांनी हुबेहूब परत येतं. या ९७ लीप दिवसांपैकी सोमवार आणि बुधवार प्रत्येकी १५, शुक्रवार आणि शनिवार १४, तर रविवार, मंगळवार आणि गुरुवार १३ वेळा. मध्ये गाळलेलं शतकी वर्ष नसेल तर जन्माचा वार २८ वर्षांनी पुन्हा जुळतो. भाचा मंगळवारी जन्मला. त्याचा २९ तारखेचा मंगळवार आजवर एकदाही परत आलेला नाही. तो येतोय २०२८ मध्ये.